परुळेकर गुरुजींचं बाक

जयवंत तिरोडकरांना समुद्रकाठी एक बाक टाकायचं होतं. यात वाईट काय होतं ते त्यांना अजूनही कळलेलं नाही. देऊळ बांधायचं नव्हतं, पुतळा उभारायचा नव्हता, कोणाच्या जमिनीवर डोळा नव्हता. बसायला फळी, टेकायला पाठ आणि खाली दोन पाय, एवढीच ज्या वस्तूची रचना, तिच्यापायी एका भल्या माणसाला दोन सरकारी खाती, एक ग्रामपंचायत, सख्खा भाऊ आणि स्वर्गवासी सासरे यांच्याशी सामना करावा लागेल, हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी घरातली खुर्ची रोज खांद्यावर घालून नेली असती. पण वेळेवर सांगतील ते शेजारी कसले.

साल सत्त्याण्णव. तीन वर्षांपूर्वी तिरोडकर गिरगावातल्या चाळीतली खोली धाकट्या भावाच्या, म्हणजे सदानंदच्या हवाली करून नालासोपारा पश्चिमेला 'सागरतरंग' नावाच्या इमारतीत राहायला आले होते. इमारतीतून सागरही दिसत नसे आणि तरंगही. गच्चीवरच्या टाकीवर चढलं की लांब ताडांचे शेंडे दिसत आणि त्यांच्यापलीकडे समुद्र आहे असं बिल्डरने शपथेवर सांगितलं होतं. जयवंतराव मात्र खूश होते. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना आयुष्यातली पहिली गॅलरी मिळाली होती आणि संडासासाठी रांग लावावी लागत नव्हती. माणसाला आणखी काय हवं असतं, असं ते विमा कंपनीतल्या आपल्या टेबलावर बसून लोकांना विचारत.

आणखी काय हवं असतं ते मनोरमाबाईंना माहीत होतं, पण त्यांना नीट सांगता येत नव्हतं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, नवरा सकाळी सातला बाहेर पडून रात्री आठला येणार, आणि मधले तेरा तास तिसऱ्या मजल्यावर शेजारची दारं बंद. त्या गॅलरीतून स्वयंपाकघरात जात, तिथून दाराच्या भोकाला डोळा लावून जिन्याकडे बघत, पुन्हा गॅलरीत येत. बसलेल्या उठत, उठलेल्या बसत. त्यात गुडघे बिघडले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला साफ बंदी केली.

एका रविवारी जयवंतराव त्यांना एसटीने समुद्रावर घेऊन गेले. राजोडीच्या अलीकडे एक लहानसा किनारा आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली पंचायत अजून चालू आहे आणि तिरोडकरांना अजून तिथे जायचं असतं. वाळूत सगळे फतकल मारून बसले होते. मनोरमाबाई सुरूच्या झाडाला टेकून तासभर उभ्या राहिल्या. परत येताना गुडघा पेरूएवढा सुजला होता.

"एवढं मोठं गाव, एवढा मोठा समुद्र," त्या एसटीत म्हणाल्या, "आणि माणसाला टेकायला जागा नाही. मी दिवाळीपर्यंत बघते हो. नाही जमलं तर मी गिरगावात चालले. खोली अजून आपल्या नावावर आहे."

जयवंतराव बोटं मोजू लागले. बायको गिरगावात गेली म्हणजे तेही गेलेच. म्हणजे सदानंद, त्याची बायको, दोन पोरं आणि ही दोघं, दहा बाय बाराच्या खोलीत. सदानंद खोली आपल्या नावावर करून द्या म्हणून वर्षभर मागे लागला होता आणि मनोरमाबाईच आडव्या पडल्या होत्या. ती खोली म्हणजे त्यांचं परतीचं तिकीट होतं. जयवंतरावांनी मनाशी हिशेब मांडला: बायकोला समुद्र आवडतो, पण बसायला बाक नाही. तर मग बाक टाकू. पुरुषमाणसाला बायकोचं दुखणं एकदा कळलं की तो पुन्हा विचारायला जात नाही.

सागरतरंगमध्ये ही बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सागवानी बाक करा, एक जण म्हणाला. सागवानी केलंत तर आठ दिवसांत कोणाच्या तरी ओट्यावर दिसेल, दुसरा म्हणाला. लोखंडी केलं तर खारी हवा खाईल. तळमजल्यावरच्या बाईंचं म्हणणं, एवढी हौस आहे तर आपल्या कंपाउंडातच टाका, म्हणजे आम्हाला वाटाणे सोलायला होईल. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या कर्णिकांनी सगळ्यांना गप्प केलं. कर्णिक मंत्रालयातून निवृत्त झाले होते. तिथे ते नक्की काय करत हे कोणालाच माहीत नव्हतं, पण त्यांचं मराठी ऐकून लोक आपोआप उभे राहत.

"तिरोडकर, बाक सिमेंटचं करा आणि आधी अर्ज करा," कर्णिक म्हणाले. "अर्जाशिवाय टाकलेलं बाक हे बाक नसतं, अतिक्रमण असतं."

अर्ज त्यांनीच लिहून दिला. तो इतका भारदस्त होता की तिसऱ्यांदा वाचल्यावर जयवंतरावांना आपल्याला बाकच हवंय ना, अशी शंका आली.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी अर्ज सुलटा वाचला, मग उलटा धरून मागे काही आहे का पाहिलं.

"सुरूच्या झाडांखाली म्हणता? ती झाडं आमची नाहीत. झाडांच्या खात्याची आहेत."

"पण बाक झाडावर नाही टाकायचं, भाऊसाहेब. खाली सावलीत टाकायचंय."

"सावली आमची आहे. पण झाड त्यांचं असल्याशिवाय सावली पडते का? त्यांची हरकत नाही असा कागद आणा."

झाडांच्या खात्यासाठी जयवंतरावांनी ऑफिसात पोटदुखीची रजा टाकली. तिथल्या साहेबांनी नकाशा काढला, त्यावर बोट ठेवलं आणि समाधानाने मागे रेलले. बाक टाकायचं ठिकाण भरतीच्या रेषेत येत होतं. भरतीची रेषा आली की झाडांचं खातं संपतं आणि समुद्राचं खातं सुरू होतं. दुसरी रजा, या खेपेला पाठदुखी. समुद्राच्या खात्यातला कारकून खरोखर सज्जन होता. त्याला बाकाची कल्पना आवडली, पण त्याच्याकडे फॉर्म फक्त होड्यांचे होते.

"होडीच्या फॉर्मवर भरा," तो म्हणाला. "कागद झाल्याशी मतलब."

जयवंतरावांनी भरला. लांबी पाच फूट. रुंदी दीड फूट. इंजिन नाही. शीड नाही. तांडेलाचं, म्हणजे होडीच्या कप्तानाचं, नाव या रकान्यात बराच विचार करून त्यांनी मनोरमा जयवंत तिरोडकर असं लिहिलं, जे वस्तुस्थितीला धरूनच होतं. पंधरा दिवसांनी पोस्टाने परवानगी आली. सदर नौका समुद्रात न नेण्याच्या अटीवर या कार्यालयाची हरकत नव्हती.

तो कागद छातीशी धरून जयवंतराव पंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी तो फायलीला लावला आणि म्हणाले, "छान झालं. आता मयताचं नाव सांगा."

"कोणाच्या मयताचं?"

तेव्हा कळलं की पंचायतीचा एक ठराव होता. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने गावभर स्वतःच्या नावाची बाकं टाकली होती आणि पडल्यावर ती टेम्पोत भरून परत नेली होती, त्यातल्या एकावर तर माणूस बसलेला होता. तेव्हापासून पंचायत जिवंत माणसाचं बाक घेत नसे. बाक द्यायचं तर कोणाच्या तरी स्मरणार्थ.

आपले वडील आहेतच की, म्हणजे नाहीतच, असा सोयीस्कर विचार करून जयवंतरावांनी त्या रात्री सदानंदला फोन लावला. सदानंद ऐकून घेईपर्यंत थांबला आणि मग भडकला.

"बाबांना बोट लागायची, दादा. समुद्र नुसता दिसला तरी लिंबू हुंगायचे. त्यांना तू कायमचं समुद्रावर नेऊन बसवणार? आणि बाबांच्या नावाचं घड्याळ मी गावच्या शाळेत दिलंय, तेव्हा तू कुठे होतास?"

ते घड्याळ दोन वर्षं बंद होतं, पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती. जयवंतरावांनी फोन ठेवला आणि घरातल्या मृतांची मनातल्या मनात उजळणी केली. काका होते, पण काकू हयात होत्या आणि त्यांचा संमतीचा कागद म्हणजे चौथं खातं. शेवटी फिरून फिरून नजर एकाच फोटोवर थांबली. परुळ्याचे दिगंबर परुळेकर गुरुजी, मनोरमाबाईंचे वडील.

या माणसाने जयवंतरावांना मुलगी बघायला आलेले असताना, पोह्यांची बशी हातात असताना औटकी विचारली होती. साडेतीन सातं किती, यावर गाडी अडली ती जन्मभर अडली. पुढे पंचवीस वर्षं सासरे जावयाशी जे काही बोलले ते दुसऱ्याला उद्देशून बोलले. त्यातून बाक ही वस्तू गुरुजींच्या दृष्टीने बसायची नव्हतीच. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पोरांना बाकावर उभं करण्यातच त्यांची हयात गेली. पण गरजवंताला अक्कल नसते.

"नानांचं नाव घालताय?" मनोरमाबाईंनी विचारलं. हातातली परडी त्यांनी खाली ठेवली. "तुम्ही?"

"का, नको?"

मनोरमाबाई फोटोकडे वळल्या. डोळ्यांना पदर लावून आत गेल्या आणि त्या दिवशी वरणात दोनदा मीठ पडलं. जयवंतरावांनी ते मुकाट्याने खाल्लं. गेल्या तीन वर्षांत आपल्या बायकोला आपल्यामुळे बरं वाटल्याचा हा पहिलाच प्रसंग आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

बाक पापडी गावच्या रॉबर्टने केलं. रॉबर्ट सिमेंटच्या चौकटी करी, तुळशीवृंदावनं करी आणि क्रूसही करी. त्याच्या अंगणात तिन्ही वस्तू शेजारी शेजारी वाळत असत आणि कोणाची कोणाबद्दल तक्रार नसे. त्याने टेकायच्या पाठीवर, पुढच्या अंगाला, ठसठशीत अक्षरं उठवली: कै. दिगंबर सावळाराम परुळेकर गुरुजी यांच्या स्मरणार्थ.

"अक्षर असा काढलाय साहेब, की कोन बी लांबून वाचील," रॉबर्ट म्हणाला. त्याचा हा अभिमान पुढे किती महागात पडणार आहे हे तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

बाक घेऊन टेम्पो किनाऱ्यावर गेला आणि वाळूत रुतला. तो काढण्यासाठी आधी बाक उतरवावं लागलं. बाक उतरलं तसा टेम्पो हलका होऊन निघाला आणि निघाला तो थांबलाच नाही. बाक वाळूत तिरकं उभं राहिलं. पंचायतीने ते पक्कं करायचं तर समारंभ हवा, समारंभाला पाहुणे हवेत आणि पाहुण्यांना तीन आठवडे सवड नव्हती. पुढच्या रविवारी जयवंतराव बघायला गेले तर बाक दिसेना. त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोंबील टांगले होते. गुरुजी जन्मभर शाकाहारी.

"ह्यो गुरुजी कोन?" शेजारी बसलेल्या धोंडूबाईने विचारलं. बोंबील तिचे होते. "बरा मानूस हाय. पाठ चांगली तापते त्याची. दोन दिसांत माल सुकला माजा."

"अहो बाई, हे बसायला आहे."

"मग बसा ना. मी कुटं नाय बोलली? तेवडं टोक सोरून बसा, वल्ले हायेत."

बोंबील निघाले तो अमावास्येचं उधाण आलं. पाणी बाकापर्यंत चढलं आणि वाळू टाकून उतरलं. आता फक्त पाठ वर होती आणि तिच्यावर 'कै. दिगंबर' एवढंच दिसत होतं. लांबून ते नको तशा जागेची आठवण करून देत होतं. येणारेजाणारे पाया पडून पुढे जाऊ लागले. कोणीतरी झेंडूची फुलंही वाहिली. जयवंतराव हताश होऊन तिथे उभे असताना फर्डिनंड आला. किनाऱ्याच्या रस्त्याला लागून त्याची केळीची वाडी होती.

"साहेब, तुम्ही मुंबईचे लोक समुद्राच्या अगदी मांडीवर बसायला जाता," फर्डिनंड म्हणाला. "आमची घरं बघा कुठे आहेत. ते बाक वर रस्त्याच्या कडेला आणा. उधाण तिथवर येत नाय. समुद्र तिथूनही दिसतो, कुठे पळत नाय तो."

त्याने बैलांची जोडी आणली, दोरखंड बांधला आणि परुळेकर गुरुजींना वाळूतून ओढून रस्त्याच्या कडेला नेलं. त्याची आई जुलियाना दारातून हे सगळं बघत होती. जयवंतरावांना तिने ताक दिलं आणि घरच्या बोलीत मुलाला काहीतरी सांगितलं, त्यावर फर्डिनंड हसला. काय म्हणाली ते जयवंतरावांनी विचारलं नाही. काही गोष्टी न कळण्यातच माणसाची अब्रू असते.

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना पाहुण्यांना सवड झाली. समारंभ रविवारी ठरला. बाक पक्कं करायचं काम शुक्रवारी होतं आणि शुक्रवारी ऑफिसात तपासणी. पोट, पाठ आणि दात अशी तिन्ही दुखणी वापरून झाली होती, चौथं सुचेना. जयवंतराव कामावर गेले. रॉबर्टला सगळं सांगून ठेवलंय, आता चुकायला जागाच कुठे आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

रविवारी बाकावर पांढरी चादर होती. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि तेवढाच वेळ बोलले. त्यांनी गुरुजींना स्वातंत्र्यसैनिक केलं, नंतर कबड्डीपटू केलं. जयवंतरावांनी चार पानांचं भाषण लिहून आणलं होतं. त्यातलं "मान्यवर" एवढं वाचून झाल्यावर भाऊसाहेबांनी घड्याळ दाखवलं. मग चादर ओढली, टाळ्या झाल्या, आणि जयवंतरावांच्या पायाखालची वाळू सरकली.

बाकाची पाठ समुद्राकडे होती.

समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पंचायतीचा नळ, एसटीचा थांबा आणि फर्डिनंडच्या वाडीचं फाटक. सूर्य, लाटा, क्षितिज वगैरे जे काही होतं ते सगळं मागे.

"भाऊसाहेब, हे उलटं आहे," जयवंतराव कसेबसे म्हणाले.

"उलटं कसं? नाव रस्त्यावरून वाचता यायला नको? समुद्राकडून कोण वाचणार, मासे? पाहुण्यांचा फोटो कसा निघाला असता?"

"फिरवता येईल?" त्यांनी रॉबर्टला विचारलं.

"साहेब, खाली दोन फूट खडी-सिमेंट घातलंय," रॉबर्ट अभिमानाने म्हणाला. "भूकंप झाला तरी हालनार नाय. फिरवायचा तर पंचायतीचा कागद द्या. कागदाशिवाय मी पहार लावनार नाय."

परतीच्या एसटीत जयवंतराव खिडकीबाहेर बघत होते. चार महिने, तीन रजा, दोन खाती, एक भाऊ, आणि हाती काय आलं तर नळाचं दर्शन.

"अहो, मी काय म्हणते," मनोरमाबाई बोलायला लागल्या.

"काही म्हणू नकोस. मला सगळं समजतंय. पंधरा दिवस दे, मी ते बाक समुद्राकडे तोंड करून तुला देतो."

"अहो, पण ऐकून तर..."

"शब्द दिला म्हणजे दिला."

त्यानंतर त्यांनी अर्जांचा सपाटा लावला. कर्णिकांनी भाषा पुरवली: "सदर बाकाचे मुख सागराभिमुख करणेबाबत." मनोरमाबाई रोज दुपारी चारच्या एसटीने एकट्या किनाऱ्यावर जाऊ लागल्या. जयवंतरावांना वाटलं, ही आपल्याला लाजवायलाच जातेय. अपमान गिळून नळ बघत बसत असेल बिचारी. त्या लाजेने ते स्वतः तिकडे फिरकले नाहीत. दिवाळी आली आणि गेली. बायकोने बॅग भरली नाही, पण गिरगावाचं नावही काढलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती होईना. कपाटावरची बॅग जागेवर आहे ना, हे ते रोज कामावरून आल्यावर आधी बघत आणि मग चपला काढत.

शेवटी पंचायतीने ठराव केला. बाक फिरवण्यास मंजुरी. पुढच्या रविवारी संध्याकाळी जयवंतराव ठराव खिशात घालून, रॉबर्ट आणि त्याची पहार यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावर पोचले. बायको चारलाच गेली होती.

बाकावर तीन बायका होत्या. मधे मनोरमाबाई, गुडघ्यावर शाल टाकून. एका बाजूला जुलियाना, कसलासा पाला निवडत. दुसऱ्या बाजूला धोंडूबाई, रिकामी पाटी पायाशी ठेवून. नळावरून एक मुलगी हंडा घेऊन जाता जाता म्हणाली, "मनोरमाताई, आज अजून इथेच?" एसटीतून उतरलेल्या मास्तरांनी नमस्कार केला. फाटकातून फर्डिनंडने ओरडून विचारलं की केळफूल हवं का. हे सगळं होत असताना जयवंतराव पहार धरलेल्या माणसाशेजारी रस्त्यात उभे होते.

"हे काय आणलंत?" मनोरमाबाईंनी विचारलं.

जयवंतरावांनी ठराव पुढे केला. "फिरवतोय. समुद्राकडे. म्हटलं होतं ना."

मनोरमाबाईंनी कागद वाचला नाही. "फिरवलंत तर माझी गावाकडे पाठ होईल."

"पण समुद्र..."

"समुद्राचं काय घेऊन बसलात तुम्ही? मी कधी समुद्र मागितला होता?" त्यांचा आवाज चढला नाही, पण कापला. "तीन वर्षं त्या घरात मला नावाने हाक मारणारं एक माणूस नव्हतं हो. तुम्ही सकाळी जाता, रात्री येता. दिवसभर मी दाराच्या भोकातून जिना बघायची. समारंभाहून परतताना एसटीत हेच सांगत होते. इथे मला चार माणसं विचारतात, ताई जेवलीस का. नानांनी मला चांगल्या जागी बसवलंय. राहू द्या."

जयवंतरावांनी पुढे केलेला ठराव खिशात घातला. आपण या बाईबरोबर अठ्ठावीस वर्षं राहतोय आणि हे आपल्याला तिऱ्हाइतासारखं रस्त्यात उभं राहून कळावं, याची त्यांना लाज वाटली. रॉबर्टने पहार खांद्यावर घेतली आणि तो नळावर पाणी प्यायला गेला.

एवढ्यात भाऊसाहेब आले. "फिरवायचं नाही म्हणजे? ठराव झालाय. ठराव झाला आणि बाक फिरलं नाही, तर मी तपासणीला काय दाखवू? रद्द करायचं तर नवा अर्ज द्या. आजच द्या, उद्या बैठक आहे."

जयवंतरावांनी बसायला जागा शोधली. बाकावर नव्हती. तिघींपैकी कोणी सरकायचं लक्षण नव्हतं. ते बाकाला वळसा घालून मागे गेले, वाळूत फतकल मारून बसले आणि बाकाच्या पाठीला पाठ टेकली. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यावं तसं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मास्तरांची सून माहेराहून परत आली होती म्हणे. त्यांनी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं: "बाक न फिरविणेबाबत."

"ऐकलंत का," मागून मनोरमाबाईंचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नव्हती. "लिहिताच आहात तर सदानंदभाऊजींनाही दोन ओळी लिहा. गिरगावातली खोली नावावर करून घ्या म्हणावं. आता कोण जातंय तिकडे."

जयवंतरावांनी अर्ज बाजूला ठेवला, त्यावर एक शंख ठेवला आणि कोरा कागद काढून आधी ते पत्र लिहायला घेतलं. समोर सूर्य बुडत होता. त्यांनी तो पाहिला नाही, चष्मा सारखा भरून येत होता.